धुण्याची नोंद

फिल्टरची चकती फिरवली तसं गढूळ पाणी भसकन बाहेर आलं आणि खाली ठेवलेल्या पसरट भांड्यात काहीतरी टक्कन वाजलं. मेकॅनिकला आधी ते शर्टाचं बटण वाटलं. एकोणीस वर्षांत लोकांच्या वॉशिंग मशीनच्या पोटातून त्याने काय काय काढलं होतं: नाणी, केसांच्या पिना, तान्ह्या बाळाचा मोजा, एकदा कपाटाची किल्ली, जिच्यावरून त्या घरात आठवडाभर अबोला चालला होता. त्याने ती वस्तू बोटांत धरून अंगठ्याने चिखल पुसला. दात होता. वरचा, पुढचा, मुळासकट. मूळ चांगलं लांब होतं आणि एका बाजूला तपकिरी धाग्यासारखं काहीतरी वाळून चिकटलेलं होतं. गुडघे ओल्या फरशीवर, हात कोपरापर्यंत साबणाच्या बुळबुळीत पाण्यात, तळहातावर तो दात. त्याची जीभ नकळत स्वतःच्या पुढच्या दातांवरून फिरून आली. मागे स्वयंपाकघराच्या दारात त्या घरातली बाई उभी होती. "अडकलं होतं का काही?" तिने विचारलं. ओठ जेमतेम हलले. शब्द दातांआड चावून बाहेर सोडल्यासारखे. त्याने मूठ मिटली. तेवढ्यात बाहीचं बटण लावत तिचा नवरा आला. दातांचा डॉक्टर होता तो. उंच, स्वच्छ, नखं इतकी नीट कापलेली की बघत राहावं. तो खाली वाकला, मेकॅनिकची मूठ हलकेच उघडली आणि हसला. "अरेच्चा, हा इथे आला होय. माझ्या कोटाच्या खिशात राहिला असणार. आमच्या धंद्यात काय मेकॅनिकसाहेब, घरभर दात." दोन बोटांनी दात उचलून त्याने कागदी रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात टाकला. "होतं असं, साहेब," मेकॅनिक म्हणाला. तोही हसला. दाराच्या मागे खुंटीवर डॉक्टरचे तीन पांढरे कोट टांगलेले होते, लाँड्रीच्या प्लास्टिकमध्ये, लाँड्रीची चिठ्ठी टाचलेली. ते त्याने पाहिलं, आणि पाहिलं नाही असं करून पक्कड उचलली.

या घरात तो तीन आठवड्यांपूर्वीही आला होता. तेव्हा तक्रार वेगळी होती. मशीन धुतंय उत्तम, पण डॉक्टरच्या फोनवर काही कळवत नाही. हे नवं मॉडेल होतं, शहाणं. कपडे किती वजनाचे, पाणी किती गरम, धुणं केव्हा लावलं, केव्हा संपलं, संपल्यावर झाकण किती वेळाने उघडलं, सगळं लिहून ठेवायचं आणि मालकाला सांगायचं. मागचं पत्र्याचं झाकण काढून पाहिलं तर फोनशी बोलणाऱ्या कार्डाची वायर निघालेली होती. अशी वायर आपोआप निघत नाही. तिला छोटी खिट्टी असते, ती नखाने दाबून मग ओढावी लागते. शेजारी धुळीत बोटांचे चार ठसे होते, बारीक. बाई तेव्हाही अशीच दारात उभी होती आणि तिने फक्त एवढं विचारलं होतं, "लागतंच का ते? कपडे तर निघतात ना." त्याने वायर परत बसवली. खिट्टी कट् करून लागली. डॉक्टरचा फोन किणकिणला तसा तो खूश झाला, म्हणाला, "म्हणजे बघा, अकराला धुणं संपलं आणि झाकण उघडलं दीडला, तर मधले अडीच तास घरात कुणी नव्हतं, असंच ना?" आणि मेकॅनिकने अभिमानाने सांगितलं होतं, "मिनिटासकट कळतं, साहेब." तो अभिमान खरा होता. कंपनीने तीन दिवसांचं शिक्षण देऊन ही वाक्यं त्याच्याकडून घोकून घेतली होती, पण तो सूर त्याचा स्वतःचा होता. बाईने त्या वेळी त्याच्याकडे एकदाच पाहिलं होतं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दात डॉक्टरच्या खिशात गेल्यावर एवढंच उरलं होतं की मशीनला टॅब जोडायचा, बिघाडाची खूण पुसायची आणि सही घ्यायची. त्याने टॅब जोडला. नोंदींची यादी उघडली. रोजचं धुणं कसं असतं हे त्याला आता माणसाच्या चेहऱ्यासारखं ओळखू यायचं: चार किलो, कोमट पाणी, तासभर. त्यात मधेच एक ओळ आली. थंड पाणी, बावीस मिनिटं, दोनशे ग्रॅम. मग पुन्हा एक. दोनशे ग्रॅम म्हणजे उशीचा एक अभ्रा. एका अभ्र्यासाठी कुणी मशीन लावत नाही, आणि लावलं तरी थंड पाण्याने लावत नाही, जोवर त्या अभ्र्यावर रक्त नसतं. गरम पाण्याने रक्त बसतं. हे त्याला कंपनीने शिकवलं नव्हतं. ओळी मोजत तो मागे मागे गेला. अकरा महिन्यांत एकतीस. आधी महिन्याला दोन, कधी तीन. शेवटच्या तीन आठवड्यांत सहा. त्या सहांतली पहिली त्याने वायर बसवली त्याच दिवशी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. त्याने खूण पुसली, सही घेतली, हत्यारांची पिशवी उचलली आणि जिना उतरला. गाडीत बसून त्याने चावी मांडीवर ठेवली.

गरम पाण्याने रक्त बसतं हे आईचं वाक्य. ती बादलीत थंड पाणी घ्यायची, मूठभर मीठ टाकायची आणि अभ्रा त्यात दाबून धरायची, जणू तो पोहून वर येईल. बाप बस डेपोत फिटर होता. कामात एक नंबर, सगळे म्हणायचे. घरी आला की चपला काढायच्या आधी तो रेडिओच्या पाठीवर तळहात ठेवायचा. पाठ गरम असली तर दुपारी रेडिओ चालू होता. मग काडेपेटी उघडून काड्या मोजायचा. आईच्या चपलांचे तळवे उलटून बघायचा, माती लागलीय का, आणि लागली असली तर लाल की काळी. असं करताना त्याचा चेहरा कामातल्या माणसासारखा शांत असायचा. त्या काळी यंत्रं मुकी होती, म्हणून बापाला सगळं हाताने करावं लागायचं. आणि तरीही काही राहून गेलं तर त्यासाठी मुलगा होता. मांडीवर घेऊन विचारायचा, "आज आई कुठे गेली होती?" मावशीकडे जायला आईला बंदी होती, का ते कधी कळलं नाही. एकदा ती त्याला घेऊन मावशीकडे गेली, मावशीने त्याला खडीसाखर दिली, आणि आठ वर्षांच्या त्याने संध्याकाळी खडीसाखरेचं सांगितलं. मुद्दाम नाही. विचारलं म्हणून. बापाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, "शहाणा आहेस," म्हणाला, आणि त्याला खाली उतरवून आईचा उजवा हात दाराच्या चौकटीत धरला आणि दार लावलं. मग उघडलं, म्हणाला, "परत बोल, कुठे गेली होतीस," आणि पुन्हा लावलं. दार जाड लाकडाचं होतं. तो आवाज सुकी फांदी मोडल्यासारखा नव्हता, ओल्या कापडात काहीतरी चिरडल्यासारखा होता. आई ओरडली नाही, फक्त नाकाने श्वास घेत राहिली. त्या रात्रीनंतर तिची दोन बोटं कायमची वाकडी राहिली, आणि त्या वाकड्या बोटांनीच तिने पुढे वीस वर्षं त्याचे डबे भरले. तिने त्याला कधी एका शब्दाने काही म्हटलं नाही. गाडीच्या काचेवर ऊन येत होतं. शेजारून शाळेची बस गेली. त्याला वाटलं, आपण खाली उतरून पुन्हा जिना चढावा, पण तो नुसता बसून राहिला आणि पुढच्या ग्राहकाचा फोन आला तेव्हा "निघालोच," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने सर्व्हिस सेंटरच्या साहेबांना गाठलं. साहेब माणूस वाईट नव्हता, सुनेच्या बाळंतपणात दोन वेळा रक्त देऊन आलेला. यादी त्याच्यासमोर ठेवून मेकॅनिकने सगळं सांगितलं, दातासकट. साहेबाने चष्मा काढला, यादीवरून बोट फिरवलं. "हे तू का छापलंस?" "बघा तरी." "बघितलं. हा डेटा आपला नाही. कंपनीचा आहे. आणि थोडा ग्राहकाचा." "ग्राहक कोण?" "ज्याच्या नावावर मशीन आहे तो." "धुते ती बाई." "असेल. नाव त्याचं आहे." साहेब उठून दार लोटून आला. "हे बघ, लोकांना हे आवडतं. म्हातारी आई एकटी राहते, तिचं मशीन चार दिवस लागलं नाही तर मुलाला कळतं. तसा एक जीव वाचलाय, तुला माहितीय. माझी स्वतःची आई. मशीन वाईट नसतं." "मी कुठे वाईट म्हणतोय," मेकॅनिक म्हणाला, "ते सगळं सांगतंय. फक्त त्यालाच सांगतंय." साहेबाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "कंपनी या नोंदी साबणवाल्यांना देते. कुठल्या भागात किती गरम पाणी, किती साबण. पोलिसांनी मागितल्या तर पोलिसांनाही देईल. पण तू द्यायच्या नाहीत. तुझी नोकरी जाईल, माझीही जाईल." यादी त्याने परत केली नाही, फाडलीही नाही. टेबलावर उलटी करून ठेवली आणि चहा सांगायला बाहेर गेला. जाताना जरा जास्तच वेळ लावला. मेकॅनिकने ती घडी घालून खिशात ठेवली.

घरी बायकोला त्याने अर्धंच सांगितलं. ती कणीक मळत होती. "मग पोलिसात जा," ती सरळ म्हणाली. "तिने नको म्हटलं तर?" "तिला विचारलंस?" त्याने विचारलं नव्हतं. बायकोने हाताला लागलेली कणीक बोटाबोटाने खरवडून काढली. "आपल्याकडे नको हो ते शहाणं मशीन," ती म्हणाली, "मला जरा मूर्खच बरं." आणि हसली. शहाणं हा शब्द ऐकून त्याच्या टाळूवर बापाचा तळहात आल्यासारखं झालं. तो बाथरूममध्ये गेला, नळाखाली डोकं धरलं. बायकोवर त्याने कधी हात उचलला नव्हता. ती गोष्ट तो स्वतःशी कधीकधी पदकासारखी काढून बघायचा. पण त्याच्या हाताला मारणं माहीत होतं. खांद्यातून ते कसं निघतं, मनगटाशी कसं येतं, हे त्याने इतक्या वेळा पाहिलं होतं की अंगात मुरलं होतं. गंजलेला नट सुटत नसला की तो पान्याने त्यावर जे घाव घालायचा, ते बघून मदतनीस दोन पावलं मागे सरकायचे.

शुक्रवारी, साडेअकराच्या सुमाराला, कुठलीही तक्रार नसताना त्याने त्या घराची घंटी वाजवली. डॉक्टर दवाखान्यात असणार हे त्याला ठाऊक होतं. बाईने दार उघडलं, त्याला पाहिलं आणि आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "दार उघडलं की त्यांच्या फोनवर वाजतं," ती म्हणाली. "नवं कुलूप बसवलंय. तिथून इथे यायला अठरा मिनिटं. पेशंटच्या तोंडात हात असला तर पंचवीस." तिने हे गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. बोलताना या वेळी तोंड उघडलं, आणि वरच्या बाजूला पुढे काळी फट दिसली. त्याने खिशातून यादी काढून दिली. "ताई, हे तुमचं आहे." ती उभ्या उभ्या वाचायला लागली. घाई अजिबात नाही. परीक्षेचा पेपर तपासावा तशी ओळीओळीवरून जात होती. "हे चौदा तारखेचं त्यातलं नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी खरंच चहा सांडला होता." पुढे म्हणाली, "आणि जे मी हाताने धुतलं ते यात नाही. सुरुवातीचं सगळं हातानेच." तो म्हणाला, "चला तुम्ही. माझी गाडी खाली आहे." "बॅग भरलेली आहे कधीची. मागे एकदा गेले होते. माझ्या भावानेच परत आणून सोडलं. दाखवायला काय आहे तुझ्याकडे, म्हणाला. एवढा सज्जन माणूस." तिने कागदाची घडी घातली. "आता आहे." मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, "वायर मी काढली होती. तुम्हाला कळलं होतं." "हो." "मग परत का लावलीत?" त्याच्याकडे उत्तर होतं, की ते त्याचं काम होतं, आणि ते त्याने दिलंही. तिने मान हलवली. तेवढं बोलणंही तिने मान्य केल्यासारखं. ती बॅग आणायला आत वळली आणि तेव्हाच बाहेरून कुलूप फिरल्याचा आवाज आला. चौदा मिनिटं झाली होती.

डॉक्टर आत आला, दार मागे लोटलं, बूट काढले आणि जोडीने लावून ठेवले. "मेकॅनिकसाहेब," तो म्हणाला, "आज बोलावलं नव्हतं." मग बायकोच्या हातातला कागद त्याला दिसला. त्याने तो घेतला, उघडून वरून खाली नजर फिरवली, चार घड्या केल्या आणि पँटच्या खिशात ठेवला. आवाज चढवला नाही. पुढे होऊन तिच्या मानेमागे केसांत बोटं घातली, पेशंटचं डोकं खुर्चीवर टेकवताना धरतात तशी, आणि तिचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. मग थोडं मागे ओढून, बघून, पुन्हा. लाकडावर ओला डाग उमटला. ती नाकाने श्वास घेत होती. तो आवाज मेकॅनिकने ओळखला. "तुम्ही निघा," डॉक्टर मान न वळवता त्याला म्हणाला, "हे घरातलं आहे." मेकॅनिकचा हात खांद्यावरच्या हत्यारांच्या पिशवीत गेला आणि मोठा पाना घेऊन बाहेर आला. पुढचं त्याला सलग आठवत नाही. पहिला घाव बसला तेव्हा डॉक्टरचा हात तिच्या केसांतून सुटला, हे आठवतं. हाडावर लोखंड बसलं की मुठीत झिणझिण्या येतात, तेही आठवतं. डॉक्टर वळला, त्याने हात वर केला, तो हात अचानक विचित्र जागी वाकला. मग तो खाली होता, फरशीवर, तोंडातून फेसाळ लाल येत होतं, आणि पाना वर जात होता, खाली येत होता. अंगात फार मोकळं वाटत होतं. वर्षानुवर्षं अडकलेलं काहीतरी एकदाचं फिरायला लागल्यासारखं. मग कुणीतरी बोलत असल्याचं त्याच्या लक्षात आलं. कुणीतरी दर घावाला म्हणत होतं, "परत बोल. परत बोल." खोलीत त्या दोघांशिवाय पुरुष नव्हता, आणि डॉक्टर बोलण्याच्या अवस्थेत नव्हता. आवाज त्याचाच होता. उच्चारही तोच, 'परत'मधला र जरा घासलेला, डेपोतल्या माणसांसारखा. त्याने पाना टाकला. तो फरशीवर उडून मशीनपर्यंत घरंगळत गेला. बाई खाली बसली, नवऱ्याच्या खिशात हात घालून तिने घडी केलेला कागद काढून घेतला, मग फोन उचलला आणि अँब्युलन्सला पत्ता नीट, दोनदा, सांगितला. मेकॅनिककडे तिने पाहिलं नाही. तो भिंतीला टेकून बसला. त्याच्या शर्टावर रक्त होतं आणि त्याच्या मनात एवढंच येत होतं की हे थंड पाण्यात टाकायला हवं.

डॉक्टर वाचला. जबडा आणि उजवं मनगट, दोन्ही मोडलं. त्या हाताने तो पुन्हा कुणाच्या तोंडात अवजार धरू शकणार नाही, असं सांगण्यात आलं. पोलिसांनी मागितल्यावर कंपनीने दुसऱ्याच दिवशी सगळ्या नोंदी पाठवल्या. दार किती वाजता उघडलं, डॉक्टर किती वाजता आला, त्या दिवशी मेकॅनिकच्या नावावर या घराचं काम नव्हतं, सगळं मिनिटासकट. बाईच्या खटल्यात त्याच नोंदी उभ्या राहिल्या, एकतीसमधून तिने स्वतः वगळलेली एक सोडून, आणि त्यावर डॉक्टरला चार वर्षांची शिक्षा झाली. मेकॅनिकचा खटला वेगळा चालला. नोकरी गेली होती. साहेब साक्षीला आला आणि खरं बोलला, त्यामुळे त्याचीही गेली. बायको रोज येऊन तिसऱ्या बाकावर बसायची. त्याच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं: समोर एका स्त्रीचा जीव जात होता, याने तो वाचवला. सरकारी वकिलाला फक्त एक आकडा हवा होता. "किती वेळा मारलंत?" त्याने विचारलं. मेकॅनिक म्हणाला, आठवत नाही. ते खरं होतं. दाराला माहीत होतं, मशीनला माहीत होतं, फोनला माहीत होतं कोण कधी कुठे होतं, पण हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग बाईला बोलावलं. ती भावाकडे गेली नव्हती, एका दुकानात हिशेब बघत होती. पुढचा दात नवा बसवलेला, बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त पांढरा. "या गृहस्थांनी तुमच्या नवऱ्याला किती वेळा मारलं, सांगू शकाल?" "सात," ती म्हणाली. सरकारी वकील थबकला. एवढ्या गोंधळात इतकं नक्की कसं, त्याने विचारलं. "मला मोजायची सवय आहे," ती म्हणाली. "मोजलं की पुढे किती उरलेत त्याचा अंदाज येतो." ती बोलत राहिली, कुणी न विचारता, त्याच सपाट आवाजात. "पहिला खांद्यावर. त्याने मी सुटले. दुसरा मनगटावर. तिसरा मानेपाशी. चौथ्याला ते खाली पडले. चौथ्यापर्यंतचे माझ्यासाठी होते, असं मी धरते. त्यासाठी मी यांचे आभार मानते." तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं. "पुढच्या तिन्हींच्या वेळी मला यांची भीती वाटली. ते कुणासाठी होते, ते यांनाच विचारा." मेकॅनिकचा वकील उठून उभा राहिला, हरकत घ्यायला. तिसऱ्या बाकावर बायकोने ओठांवर पदराचं टोक धरलं होतं. न्यायाधीशांनी वकिलाला हाताने खाली बसवलं आणि आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही, ते म्हणाले. वकील त्याला डोळ्यांनी विनवत होता, गप्प राहा. गप्प राहिला असता तर कदाचित सुटलाही असता. त्याने कठड्यावर दोन्ही हात ठेवले. आई जिवंत असती तर ऐंशीची असती, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं, आणि तिनेही मोजलं असणार, दर वेळी, आणि तो आकडा कुणालाच सांगितला नसणार.

"ते तीन माझे होते," तो म्हणाला.